मास्तर सापडले

दि. १९, मंगळवार
शाळेची खोली नंबर चार

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र आणि सोबतचं कात्रण काल पोस्टाच्या गाडीने पोचलं. फोनच्या तारा अजून आडव्याच आहेत, तेव्हा पत्रच. मी ठीक आहे. खोकला आहे, पण आठ दिवस चिखलात वावरल्यावर तो इथे सगळ्यांनाच आहे.

आधी तुझ्या कात्रणाचं बोलते. माझा फोटो तुमच्या पेपरच्या पहिल्या पानावर! हातात किटली, दात सगळे बाहेर. खाली ओळ, 'पुरातही हसू कायम.' ती तूच लिहिलीस म्हणे. शाबास! घरात गुडघाभर गाळ, अंगावर दुसऱ्याची चादर, आणि बातमी काय, तर आमचं हसू. नदीच्या बांधाला भेग पडलीय म्हणून गावाने पुराआधी तीन अर्ज दिले, ते कुठे छापलेस? परवा एक साहेब कोरडे बूट घालून आले आणि म्हणाले, "तुम्ही लोक फार चिवट." शेजारच्या काकू फाडकन बोलल्या, "चिवट कसले साहेब, जायला दुसरी जागा नाही आम्हाला." चूड लाव तुमच्या त्या कौतुकाला.

तू लिहितोस, 'फोटो पाहून जिवात जीव आला, म्हणून निघालो नाही. आप्पांना सांग, रजा मिळाली की येतो.'

मी का हसत होते ते ऐक.

अक्षर बरं म्हणून बेपत्ता माणसांची वही माझ्याकडे दिली होती. पहिलं नाव मी आप्पांचंच लिहिलं. पाणी चढायला लागलं तसे ते दुकानात परत गेले होते, शिवायला आलेले कपडे माळ्यावर टाकायला. म्हणाले, "लोकांचं कापड आहे, भिजलं तर तोंड काय दाखवू?" दुसऱ्या दिवशी दुपारी होडीवाला दारातूनच ओरडला, "मास्तर सापडले! ठणठणीत आहेत! शेवटच्या खेपेला आणतो!" आप्पांना अख्खं गाव मास्तरच म्हणतं. मी वहीतलं नाव खोडलं, किटली उचलली आणि दिसेल त्याला चहा देत सुटले. तेवढ्यात तुमचा फोटोवाला आला.

सापडले ते गणिताचे मास्तर. संध्याकाळी ते होडीतून उतरले तेव्हा कळलं. तोवर होडी दुकानाची गल्ली सोडून पलीकडे गेली होती, कारण वहीत त्या गल्लीतलं कोणी उरलंच नव्हतं. दिवस मावळला होता, त्या ओढीत पुन्हा होडी घालायला कोणी धजेना. सकाळी आप्पा माळ्यावर मिळाले. गळ्यात टेप तशीच. अंगावरचे कपडे ओले, लोकांचे सगळे कोरडे. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत जीव होता.

शेवटचं सगळं तुझ्या वाटचंही मीच उरकलं. तुला आठ दिवस कळवलं नाही, कारण कळवायचं तर हेही लिहावं लागलं असतं. वहीचं अजून कोणाला माहीत नाही. गणिताचे मास्तर रोज येऊन "पोरी, जेवलीस का?" विचारतात आणि मी तोंड फिरवते. त्यांचा काय दोष! होडीवाल्याला शिव्या देऊन झाल्या, तुला देतेय, बांधवाल्यांना तर जन्मभर देईन. पण पेन माझ्याच हातात होतं, दादा.

रजेची वाट बघू नकोस, ये. आणि येण्याआधी तो फोटो पुन्हा छाप, त्या तीन अर्जांच्या शेजारी. या वेळी खालची ओळ मला विचारून लिही.

आप्पांचं नाव खोडणारी,
तुझी धाकटी