लागलं का?

बाबा, आधी एक चूक दुरुस्त करते. तुमचं बोट चेचलं त्या दिवसाची गोष्ट मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांना चुकीची सांगितली. कॉलेजात सांगितली, इथे कॅम्पवर जेवताना सांगितली आणि गेल्या आठवड्यात गावातल्या एका म्हाताऱ्या बाईलाही सांगितली. बोअरच्या गाडीवर काम करणारे माझे बाबा हाताला फडकं गुंडाळून घरी आले, मी विचारलं, 'बाबा, लागलं का?' आणि ते हसून म्हणाले, 'पाणी लागलं, मले नाई लागलं.' ऐकणारे हसतात, आणि मला ते आवडतं. पण त्या दिवशी पाणी लागलंच नव्हतं. धानोऱ्याकडच्या कुठल्याशा गावात बोअर कोरडा गेला होता, साखळीत तुमचं बोट सापडलं होतं, आणि तुम्ही दारातच म्हणाला होता, 'पाणी नाई लागलं माय, मलेच लागलं.' तुमचं वाक्य माझ्यापेक्षा चांगलं होतं. मी ते कधी फिरवलं, मलाही आठवत नाही. त्या दिवशी निदान पाणी तरी लागायला हवं होतं, असं वाटत असेल.

शाळेत घालायच्या आधी तुम्ही मला सहलीला न्यावं तसं गाडीवर न्यायचात. आई चिडायची, 'पोरगी हाये का क्लीनर?' मशीन चालू झालं की जमिनीतून दगडाची भुकटी उडते, तुम्ही तिचे छोटे छोटे ढीग ओळीने मांडता, वरचा तांबूस, खालचा करडा, त्याखालचा काळा. मी त्यांच्याशेजारी बसते. तुम्ही एक ढीग हाताने सपाट करता, माझं बोट धरता आणि त्यावर 'ग' काढता. 'ग' झाला की पुसता. माझी पहिली पाटी ती. दगड खाली जाताना बदलतो हे मला अक्षरांच्या बरोबरीनेच कळलं, म्हणून पुढे भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा मला काही नवीन घेतल्यासारखं वाटलंच नाही. तीच भुकटी तुमच्या छातीत बसत होती, हे मात्र तेव्हा आपल्या घरात कोणालाच कळत नव्हतं.

आणि एक गोष्ट तुम्ही न शिकवता शिकवली. बोअर कोरडा गेला की बाकीचे लोक मुकाट्याने पाइप काढायला लागायचे. गाव बघत असायचं. तुम्ही गमछ्याने तोंड पुसून ज्या घरच्या बाईने सकाळी आपल्याला चहा दिला असेल तिच्या अंगणात जायचात आणि उभ्यानेच सांगायचात, 'नाई लागलं, बाई.' एकदा अशाच एका बाईने तुम्हाला फार बोलून घेतलं. परत येताना मी रडत होते. तुम्ही म्हणालात, 'बोलू दे ना. गाडी हालाच्या आधी सांगाव लागते. गाडी गेल्यावर समजलं तर थे पाठ दाखवल्यावानी होते.' रविवारी बुद्धवंदनेत खोटं न बोलण्याचं चौथं शील म्हणताना तुम्ही आवाज चढवून माझ्याकडे बघायचात, कारण मी साखर खाऊन 'नाई खाल्ली' म्हणायची. पण मला ते शील वंदनेपेक्षा त्या अंगणातच जास्त कळलं.

आता मी पोंभुर्ण्याच्या जंगलात आहे. कंपनी लहान आहे, खाण वगैरे काही नाही तिची. एक मशीन, चार तंबू, एक जीप आणि जमिनीखाली तांबं असेल अशी आशा. तुमचं मशीन दगडाची भुकटी करायचं, हे दगड सबंध वर काढतं, लांब, गोल, उसाच्या कांडीसारखा. त्या कांड्या पेटीत क्रमाने लावायच्या, धुवायच्या, भिंगातून बघायच्या, हे माझं काम. मी एकेक कांडी दोनदा बघते. आमचे साहेब हसतात, 'मॅडम, दगड आहे, पळून नाही जाणार.'

मशीनपासून हाकेच्या अंतरावर दोन मोहाची झाडं आहेत. ती म्हातारी बाई पहाटेच तिथे मोहा वेचायला येते. मी मशीनकडे जायला लागले की ती वाकल्या वाकल्याच विचारायची, 'लागलं का वं पोरी?' मी म्हणायची, 'अजून नाई, बाई.' मला वाटायचं, हिला कोणी नीट सांगितलंच नाही, ही पाण्याची वाट बघते आहे. शेवटी एक दिवस मी तिच्याशेजारी बसले, टोपलीत चार फुलं टाकली आणि म्हणाले, 'बाई, आम्ही पाण्यासाठी बोअर नाही मारत. पाणी लागलं तरी...'

ती कंबर सरळ करून माझ्याकडे बघायला लागली. 'पान्याचं कोन पुसून राह्यलं? मले काय येडी समजली का? गावच्या सभेत तुह्या साहेबानं नकाशा दाखवला, मी समोरच बसली होती. तांबं लागलं का, थे पुसतो मी.'

'मग रोज काऊन विचारता?'

'तू नाई म्हन्ते ना, मंग मी घरी जाऊन भात टाकतो. जीव थंडा राह्यते. ज्या दिशी हो म्हनशीन, त्या दिशी वावर जाच्या भेवानं कोनाले भूक लागन वं?' मग माझी टोपली बघून हसली. 'अन् कवळी फुलं काऊन टाकली त्याच्यात? शिकेल हायेस ना?'

तेव्हाच मी तिला तुमची ती गोष्ट सांगितली. काहीतरी द्यावंसं वाटलं म्हणून. ती खूप हसली. म्हणाली, 'बाप चांगला होता तुहा.'

शुक्रवारी दुपारी लागलं. काळ्या दगडात तांब्याच्या खनिजाची पितळेसारखी पिवळी शीर, आधी केसाएवढी, मग बोटाएवढी. साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत बाहेर एक शब्द नाही. त्यांचंही खोटं नाही. एका शिरेची खाण होत नाही. अफवेवर लोक पैसे लावतात, बुडतात. हे सगळं मला मान्य आहे. पण शनिवारपासून मी मशीनकडे नाल्याच्या बाजूने, लांबच्या वाटेने जाते आहे. तिने विचारूच नये म्हणून. मी अजून खोटं बोललेले नाही, फक्त वाट बदलली आहे. तुम्ही असता तर या दोन्हींत काय फरक आहे असं विचारलं असतं, म्हणून आधीच सांगून टाकते.

काल साहेबांनी पुढची जागा दाखवली. बुधवारी मशीन हलणार. मोहाच्या झाडांच्या पलीकडे, तिच्याच बांधाला लागून. झाडं तोडायची नाहीत, तशी परवानगीही नाही. पण मशीन तिथे का आलं, हे न कळण्याइतकी ती येडी नाही. तिला ते मशीनच्या चाकांवरून कळेल. मी साहेबांना म्हटलं, 'तिला आधी सांगू द्या.' त्यांनी जीपच्या बॉनेटवर बोटं वाजवली. मग म्हणाले, 'तू विचारलंस तर मी नाही म्हणणार. मला ते म्हणावंच लागेल.' मी म्हटलं, 'मग मी विचारत नाही, सर. सांगून जाते आहे.' एवढं बोलून आले आणि तंबूत बसून पेटीतल्या कांड्या पुन्हा पहिल्यापासून बघितल्या. नोकरी राहील की नाही, ठाऊक नाही. राजुऱ्याला आईला अजून कळवलेलं नाही. ती जेवायची नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून यात तिच्याआधी तुम्हाला सांगता येतं. तिला काय सांगायचं ते मी मनात लावून बघते. एक शीर लागली आहे, खाण नाही. अजून वर्षं जातील, किंवा काहीच होणार नाही. पुढच्या सभेत तिने काय विचारावं, तेही सांगेन. आणि तुमची गोष्ट दुरुस्त करेन. ती मला फार बोलेल, आणि मी उभी राहीन.

पण एक गोष्ट मनात लावूनही बसत नाही. शुक्रवारी ती कांडी हातात आली तेव्हा मी उडी मारली होती, बाबा. मोठ्याने 'लागलं!' म्हणून ओरडले, आणि पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटलं. मला आनंद झाला होता. तिने विचारलं तर हेही लपवणार नाही. मंगळवारी पहाटे, नाल्याच्या बाजूने नाही, मोहाच्या वाटेने.