चार आणि तीन मिळून पाच

प्रिय भाऊजींना वहिनीचे आशीर्वाद. जाऊबाईंचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवा. माझी तब्येत ठणठणीत आहे. चष्म्याचा नंबर तेवढा वाढला, पण तो पुस्तकांमुळे, वयामुळे नाही (वयाचं मी अजून कबूल केलेलं नाही).

तुमचं पत्र पोचलं. दादांना जाऊन तीन वर्षं झाली, त्यांच्या नावाचा परवानाही महिनाअखेर संपतो, तेव्हा दुकान बंद करून आमच्याकडे या; जळक्या मोटारींत नवी तार भरणं वेगळं आणि विजेचं गणित वेगळं, असं तुम्ही लिहिलंत. माया कळली. गणिताचं मात्र सविस्तर सांगते, त्याशिवाय मला घास गोड लागणार नाही.

गेल्या सोमवारी लाँड्रीवाले काका घाम पुसत दुकानात आले. त्यांनी नवा जनरेटर घेतलाय, साडेचार हजार व्होल्ट-अँपिअरचा. एका इंजिनिअरनं त्यांना कागदावर मांडून दिलं होतं की इस्त्र्या आणि धुण्याची मोटार मिळून चार हजार वॅट, म्हणजे हा जनरेटर आरामात पुरेल. आराम सगळा कागदावर. जनरेटर अर्ध्या तासात धापा टाकून बंद. "वहिनी, मोटार जळाली असणार, उघडा," काका म्हणाले. (हे गेल्यापासून सगळी गल्ली मला वहिनी म्हणते. दीर पुष्कळ झाले, कामाचे थोडे.)

मी मोटार उघडली नाही. जनरेटरच्या तारेला चिमट्याचा मीटर लावला. कागदाप्रमाणे साडेसतरा अँपिअर हवेत, निघाले जवळजवळ बावीस. मग यांचं तेलकट बोटांचं जुनं पुस्तक आठवलं. इस्त्री सरळमार्गी असते, जेवढी वीज घेईल तेवढीची उष्णता करते. मोटारीला कामापुरती लागतेच, शिवाय आतलं चुंबकत्व उभं करायला आणखी लागते, आणि ही जादाची वीज ती घेते आणि परत करते, सेकंदाला शंभर वेळा. शेजारीण पातेलं नेते आणि परत आणते तसं. आपलं काही कमी होत नाही, पण दार मात्र सारखं उघडावं लागतं. काकांकडे कामाचे चार हजार होते आणि ये-जा करणारे तीन हजार. मात्र या दोन्हींची बेरीज सात नाही. एक आडवा, एक उभा, मध्ये काटकोन, आणि जनरेटरला ओढायचा असतो तो कर्ण, म्हणजे पाच हजार. मी लाँड्रीच्या फरशीवर खडूनं त्रिकोण काढून दाखवला. काका म्हणाले, "चार नि तीन पाच? वहिनी, पाणी आणू का?"

उपाय म्हणून मोटारीला कपॅसिटर जोडला. मोटार परत करते ते तो ठेवून घेतो आणि तिला हवं तेव्हा देतो. दोघांचं आपापसात चालतं, जनरेटरचं दार कुणी ठोठावत नाही. ये-जेतले दीड हजार भागवणारा एक लावला, मीटर साडेअठरावर. दुसरा लावला, साडेसतरा! जनरेटर मांजरासारखा गुरगुरू लागला. इथे हात धुऊन घरी यायचं. पण भाऊजी, डोक्यात हवा गेली. दोनांनी एवढं, तर चारांनी किती! आणखी दोन लावले. दिवे लखलखले, मीटर थेट बावीसवर आणि जनरेटर बंद. मोटारीची गरज भागली होती, आता जादाचे कपॅसिटर स्वतःच उसनवारी करत होते. त्रिकोण तोच, फक्त पालथा. काका शांतपणे म्हणाले, "आता उघडता का मोटार?"

घरी येऊन ते पान पुन्हा काढलं. समासात यांच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'मागणी भागली की थांब.' स्वतःसाठीच लिहिलं असणार. पण तीन वर्षांनी यांचा ओरडा खाल्ला, आणि बराच वेळ ते पान काही उलटवेना.

दुसऱ्या दिवशी जादाचे दोन काढले. आज सहा दिवस जनरेटर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतोय. फरशीवरचा त्रिकोण काका पुसू देत नाहीत, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवतात, आणि मीही उगाच त्या रस्त्यानं जाते. तेव्हा दुकान बंद होणार नाही. मुलांना पापे.

तुमची वहिनी

ता. क. परवान्याच्या परीक्षेला बसते आहे, या वेळी माझ्या नावानं. अर्ज सोबत जोडलाय. त्यावर 'उमेदवारास विजेचे गणित येते' याखाली एका इंजिनिअरची सही लागते. महिनाअखेरीच्या आत पाठवा.

आणखी ता. क. लाँड्रीवाल्यांचा तो कागदही सोबत आहे, मी मागून घेतला. तारीख तुम्ही सुट्टीला आला होतात तेव्हाची आहे आणि सही घरातलीच. कोपऱ्यात पेन्सिलीनं त्रिकोण काढून दिलाय. काका अजून सगळा दोष जनरेटरलाच देतात, मी त्यांची समजूत मोडलेली नाही. अर्जावरची सही तशीच ठसठशीत करा.