पंचाक्षरी मास्तरांची विद्यार्थिनी

६ मे १९४६, वाशी

मराठी सातवीत पहिली आले. बक्षीस काय, तर शाळा बंद! येथे निजामाच्या राज्यात पुढे सारे उर्दूत. सोलापूरला जाते म्हटले, तर उत्तरेश्वरकाका हसले. बाबा गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द. "आपल्या सोयऱ्यांत शिकलेली एक बाई दाखीव. मी सोता सोलापूरला सोडतो."

आई भाकरी थापत राहिली. अंगठाबहाद्दर! तिला अक्षराची किंमत काय कळणार?

९ मे

आजोळी, परंड्याला, पंचाक्षरी मास्तर होते. तीस वर्षांपूर्वी त्यांनी देवळाच्या ओवरीत मराठी शाळा काढली आणि आपल्याच समाजातली एक मुलगीही घेतली, असे ऐकले आहे. ती सापडली की काकांचे तोंड बंद.

आईला विचारले. "मला काय ठावं? झाडून घे."

झाडून घे!

१४ मे, परंडा

मामा विषय निघताच उठून गेले. म्हणून एकटीच मास्तरांच्या घरी गेले. त्यांची विधवा रुद्रम्मा दारातच उभी.

"कुणाची गं तू?"

"वाशीच्या पार्वतम्माची."

दार लोटले! आतून म्हणाली, "पोरगी शाळंत बसवली म्हणून तुमच्याच लोकांनी आमाला वाळीत टाकलं. मास्तर खंगून मेले. आता इचारायला आलीस व्हय?"

उन्हात उभी राहिले. हटले नाही. बऱ्याच वेळाने फट उघडली.

"लई खोडील होती. मास्तरांनीच लिहिलेल्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायची, चुलीतल्या कोळशानं! हे हसायचे — पोरगी शाई वाचीवती म्हणायचे."

"तिचे नाव?"

"न्हाय सांगायची. सासऱ्यानं इभूतीची शपथ घातलीया तिला, अक्षराकडं बघायचं न्हाय म्हणून. जा, तुझ्या आईलाच इचार."

टोमणाच तो!

१६ मे, वाशी

तरी विचारले. आईने मान वर केली नाही. "कशाला उकरतीस? काका म्हणतील तसं वाग." माझे आयुष्य मातीत जाते आहे आणि ही पीठ मळते! इतकी निष्ठूर आई कोणाच्याही वाट्याला येऊ नये.

ही वहीही कशाला हवी? फेकते चुलीपाशी. जळो!

१७ मे

वही जळली नाही. सकाळी माझ्या उशाशी होती.

कालच्या 'निष्ठूर'मधला ऊकार कोणीतरी खोडून ऱ्हस्व केला आहे. कोळशाने.

काका परवापासून गावाला गेले आहेत. घरात आम्ही दोघीच.