सोमवारची सही

प्रिय समाधान,

जयभीम. मेसेजमध्ये मी आधी स्वतःची बाजू सावरून घेते हे तुला ठाऊक आहे, म्हणून कागद घेतला. पारू शाळेत गेलीय. शेजारच्या विणकरांच्या मागांचा खडखडाट चालू आहे. वडगावात येऊन वर्ष झालं, तरी त्याची सवय होत नाही.

परवाच्या बैठकीनंतर माझ्या वकील वसुधाताई म्हणाल्या, इतक्या समजुतीने वेगळं होणारं जोडपं त्यांनी पाहिलं नाही. मी मान खाली घालून चहा प्यायले. कोर्टात एकमेकांची उणीदुणी काढायची नाहीत, आपापल्या वकिलासह एकाच टेबलाशी बसायचं आणि काही लपवायचं नाही, असं आपण चौघांनी सही करून ठरवलं. बोलणी फिसकटली तर दोन्ही वकील बाजूला होतील, हेही. फ्रिज कुणी न्यायचा यावर तर आपण हसलोसुद्धा. संसारात एवढं जमलं असतं तर!

मग समुपदेशक बाईंनी पारूला विचारलं आणि ती म्हणाली, "मम्मीकडंच राहणार." संध्याकाळी निपाणीहून तुझ्या सुलाआत्यांचा फोन आला. "न्हाय आली तर न्हाय, पण पोरीला रडवू नको गं," म्हणाल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

कारण ते उत्तर पारूचं नव्हतं. शाळेतल्या कन्नडच्या तासाची तिला किती भीती वाटते, हे तुलाही माहीत आहे. बैठकीच्या आदल्या दिवशी मी तिला सांगितलं, पप्पांकडे गेलीस तर कन्नड शाळेत घालतील, सगळे विषय कन्नडमधून. तू तुझ्या घराजवळची मराठी शाळा बघून आलायस हे माहीत असून सांगितलं. मला ती हवी होती, समाधान. दुसरं काही कारण नाही.

काल ती कन्नडचा धडा मोठ्याने वाचत बसली होती. अडखळायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. परीक्षा आहे का, विचारलं. तर म्हणाली, "मला नीट यायला लागलं की पप्पांकडं जाता येईल न्हवं?"

सोमवारी घटस्फोटाच्या करारावर सही करू नकोस. वसुधाताईंना मी सगळं सांगितलंय. आता विश्वास उरला नाही म्हणून तू कोर्टात गेलास, तरी मी तुला दोष देणार नाही. फक्त त्याआधी रविवारी घरी ये. मी खोटं बोलले, हे मला पारूला तुझ्यासमोर सांगायचं आहे. मग समुपदेशक बाईंना तिला पुन्हा विचारू दे. ती तुझ्याकडे येते म्हणाली, तर तिची बॅग मी भरून देईन.

'तुझीच' लिहिण्याचा हक्क राहिला नाही, तरी हात तेच लिहितो.

तुझीच,
नीलम