काचेच्या कपाटातली घोंगडी

॥ श्री काळभैरवनाथ प्रसन्न ॥

फ्लॉरेन्स, इटली
१८ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आत्याबाईस,
ज्ञानेश्वरीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

सुखरूप पोहोचले. फॅशनचे वर्ग सुरू झाले. हा टस्कनी प्रांत सगळा टेकड्यांचा, आपल्या बालाघाटासारखा. पण टेकडीटेकडीवर द्राक्षाचे मळे आणि सुरूच्या झाडांच्या रांगा. गावातून आर्नो नदी वाहते. तिच्या जुन्या पुलावर दोन्ही बाजूंना नुसती सोनारांची दुकानं आहेत. बाजारात चामड्याच्या पिशव्या टांगलेल्या असतात आणि घासाघीस परांड्याच्या बाजाराइतकीच चालते. एका राजवाड्यात कपड्यांचं संग्रहालय आहे. तिथले जुने झगे बघताना माझा पाय निघेना. आणि आत्या, इथं शेकडो वर्षांपूर्वी लोकरवाल्यांचा संघ होता. त्याचं चिन्ह काय असावं? चक्क कोकरू!

फोन इथून नीट लागत नाही. मैत्रिणीचा भाऊ महिन्याकाठी पुण्याला येतो, पत्र तोच टाकील. तुम्हीही पाकिटावरच्या पुण्याच्या पत्त्यावरच लिहा. तुमची घोंगडी वर्गातल्या मॅडमना लवकरच दाखवते. आबांना नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची,
ज्ञानेश्वरी

॥ श्री काळभैरवनाथ प्रसन्न ॥

सोनारी
५ डिसेंबर २०२४

चि. ज्ञानेश्वरीस म्हाळसाबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भागवत गुरुजींनी देवळाच्या पारावर मोठ्यानं वाचलं. मला वाचता येतं, पण चारचौघांत वाचून घ्यायची मजा वेगळी. कोकराचं ऐकून तुझा आबा इतका खूश झाला, की हल्ली मेंढ्यांमागंसुद्धा छाती काढून चालतो. सिताबाई तेवढी म्हणाली, की लोकरीला तिकडं मान आसंल, हितं तर कुत्रं इचारत न्हाय. तिचंही खरं आहे. गावात आता मागावर मी एकटीच बसते. तिचा माग तीन वर्षं बंद आहे आणि पोरगा तो मोडून चुलीत घालायला निघालाय.

तुला दिलेली घोंगडी साधी नाही बरं. जावळाची आहे, कोकरांच्या पहिल्या कातरणीची. एवढं जावळ साठवायला मला चार वर्षं लागली. मॅडमना सांग, खळ चिंचोक्याची आहे, पहिल्या धुण्याला निघून जाईल आणि मग ती आणखी मऊ होईल. आणि तिथल्या मेंढीची मूठभर लोकर पाठव. माझ्या बोटांनाही इटली बघू दे. पिशव्या बघत बाजारात हरवू नकोस. जिवाला जप आणि आम्हाला विसरू नकोस.

तुझी आत्या,
म्हाळसाबाई

॥ श्री काळभैरवनाथ प्रसन्न ॥

फ्लॉरेन्स
६ जानेवारी २०२५

तीर्थरूप आत्याबाईस,
ज्ञानेश्वरीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

जवळच प्रातो नावाचं गाव आहे, पिढ्यान्‌पिढ्या लोकरीच्या कापडावर जगलेलं. तिथं एका जुन्या गिरणीत कापडाचं संग्रहालय आहे. मॅडमनी घोंगडीवरून हात फिरवला आणि कुणी विणली ते विचारलं. आत्या, घोंगडी आता त्या संग्रहालयात काचेच्या कपाटात आहे! खाली पाटी लावलीय, म्हाळसाबाई, सोनारी. येणारी माणसं तिथं थांबतात. फोटो काढू देत नाहीत, नाहीतर पाठवला असता.

टेकडीवरच्या एका कळपातली लोकर सोबत बांधली आहे. माझ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नका.

तुमची,
ज्ञानेश्वरी

सोनारी
२० जानेवारी २०२५

ज्ञानेश्वरीस,

पत्र गुरुजींनी पारावर दोनदा वाचलं. काचेचं कपाट आणि त्यावर माझं नाव. मी पदर तोंडाला लावून रडले. सिताबाई उठली आणि घरी गेली. बंद मागाचा खड्डा तिनं झाडून काढला. पोरानं सरपणात टाकलेली मागाची फणी शोधून पुसून ठेवली. मला म्हणाली, की आता आपुन दोघी मिळून इनू.

लोकरीचं पुडकं मी घरी येऊन सोडलं. लोकर धुतलेली होती. पण चाळीस वर्षं लोकर पिंजलेल्या बोटांना आपली दख्खनी मेंढी कळल्याशिवाय राहत नाही. मनाला समजावलं, की तिकडंही अशी राठ मेंढी असेल. मग पिंजायला घेतली, तर एका झुबक्याच्या मुळाशी लाल रंग. हुरमुंज. दिवाळीच्या पाडव्याला आपण मेंढ्यांच्या पाठीवर ओढतो तो. इटलीतली माणसं पाडवा करतात का गं? आणि ऐन थंडीत मेंढी कातरतात का?

तू कुठं आहेस आणि माझी घोंगडी कुठं आहे, एवढंच कळव. आशीर्वाद लिहायला घेतले होते, हात चालला नाही.

म्हाळसाबाई

पुणे
२७ जानेवारी २०२५

तीर्थरूप आत्याबाईस,

नमस्कार करायला तोंड नाही, तरी करते.

मी पुण्याच्या बाहेर पडलेच नाही. गावानं माझा सत्कार केला, एसटी स्टँडवर माझा फोटो लावला, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी पुण्यात व्हिसा नाकारल्याचं कळलं. माघारी यायचा धीर झाला नाही. तयार कपड्यांच्या एका दुकानात पँट आखूड करून देते. नदी, पूल, राजवाडा, कोकरू हे सगळं तिकडं खरंच आहे, पण मी ते मोबाइलवर बघितलं. लोकर सासवडच्या रस्त्याला उतरलेल्या एका धनगराच्या वाड्यावरून मागून आणली आणि नळाखाली तीनदा धुतली. हुरमुंज राहिला असेल हे डोक्यातच आलं नाही.

घोंगडी माझ्या अंथरुणावर आहे. कपाटाचं का लिहिलं, माझं मलाच कळत नाही. तुमचं नाव कुठंतरी लागावं असं फार वाटत होतं. घोंगडी पार्सलनं पाठवू का? आबांना आणि सिताबाईंना सांगू नका, पाया पडते.

ज्ञानेश्वरी

सोनारी
८ फेब्रुवारी २०२५

ज्ञानेश्वरीस,

व्हिसा मिळाला नाही यात तुझा गुन्हा काय? तेव्हाच आली असतीस तर मी तुला वेशीतून हाताला धरून आणलं असतं. लोक आठ दिवस हसले असते आणि मग आपापल्या कामाला लागले असते. इटलीचं खोटं मी गिळीनही. पण माझं नाव काचेत लावलंस आणि मला गावभर मिरवू दिलंस, ते माझ्या घशाखाली उतरत नाही. तू मला फसवलंस. आणि माझ्या तोंडून सिताबाईला फसवलंस. ती दुखरे गुडघे घेऊन रोज मागाच्या खड्ड्यात उतरते. काल विचारत होती, की तिची घोंगडीबी त्या कपाटात मावंल का. मी व्हय म्हणाले. सगळं माहीत असून म्हणाले. चाळीस वर्षांच्या मैत्रीत तिच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते.

पार्सल पाठवू नकोस. तू स्वतः ये, सोमवारच्या एसटीनं, दिवसाढवळ्या. घोंगडी खांद्यावर टाकून गावातून चालत ये. बापाकडं नंतर जा, माझ्याकडंही नंतर. आधी सिताबाईच्या मागापाशी बस आणि सगळं तुझ्या तोंडानं सांग. मी सांगणार नाही, आणि तुझ्यासाठी आणखी खोटंही बोलणार नाही.

खाली आशीर्वादाची ओळ कोरी सोडली आहे. ऐकून झाल्यावर सिताबाई मागावर बसते की माग मोडते, ते बघून ती भरीन. हे पत्र येताना सोबत आण.

म्हाळसाबाई