चांदणी लागलेले शब्द

अव्वा, माझे आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि मला तुझा राग आत्ता आलाय. लिहायला नात बसलीय. मला अक्षर येत नाही, ते का, हे तुला ठाऊकच आहे. पोरीच्या जातीला भाकरी थापता आली की झालं, हे तुझंच बोलणं. नात म्हणते, "आज्जी, जरा नीट करून लिहिते." म्हटलं, बोली नीट कर बाई, राग तसाच ऱ्हाऊ दे.

तिची नोकरी काय, ते ऐक. मराठीचं कानडी आणि कानडीचं मराठी करणारं यंत्र असतं म्हणे. त्याला शब्दांची यादी लागते. यादी सामाईक, विहिरीसारखी. एकानं काही टाकलं की सगळ्यांच्या घागरीत येणार. यादीत नसलेला शब्द आला की यंत्र त्याच्यापुढं चांदणी काढतं आणि तो तसाच सोडून देतं. परवा ही तोंड पाडून बसली होती. हापिसातल्या कुणा शहाण्यानं दोन्हीकडं सारखे असलेले शब्द दुबार समजून पुसून टाकले. शेंगा गेल्या, चटणी गेली, गव्हाच्या खिरीची हुग्गी गेली. दोन्ही भाषांचं होतं, म्हणून कुणाचंच राहिलं नाही! मी म्हटलं, "त्याला इचार, नवरा-बायकोचं आडनाव एकच हाय म्हणून एकाला घराबाहेर काढतोस व्हय रे?" नात खो खो हसली. मला हसू आलं नाही. पुसायचं काम त्याच्या किती आधी तू केलं होतंस, अव्वा.

तू दुधनीहून पहिल्यांदा माझ्या सासरी, सोलापुरात आलीस तो दिवस. मी चुलीपुढं आहे, तू शेंगदाणे भाजतेस, सासूबाई पलीकडच्या खोलीत. मी हळूच आपल्या कानडी बोलीत विचारते, "अव्वा, ऊटा आतेनु?" जेवलीस का, एवढंच. तू माझ्या दंडाला असा चिमटा काढतेस की डोळ्यांत पाणी येतं, आणि पलीकडं ऐकू जाईल असं ओरडतेस, "मी जेवला की! मराठी घर हाय हे, मराठी बोल!" सासूबाई हसल्या. पुढं माझी पोरंही तुझ्या 'मी आला, मी गेला'ला हसायची, आणि त्यांच्यात बसून मीही. मरेपर्यंत तू पोटच्या पोरीशी परक्या भाषेत, चुकत-माकत बोललीस. माझा संसार राखलास म्हणे. राखलास की! आणि माझी जीभ? ती कुणी राखायची होती? मी माझ्या लेकरांना तुझा एक शब्द दिला नाही. नातीला कानडी कॉलेजात पैसे भरून शिकावी लागली. लई हुशार तू.

आता ती पुसलेले शब्द एकेक करून परत घालते, आणि पुस्तकात नाहीत ते मला विचारते. मी बाजेवर बसून मास्तरणीगत सांगते. निम्मे आठवतात. काल तिनं विचारलं, परातीत उरलेल्या पिठाची तळहाताएवढी भाकरी लेकराला पहिली देतात, आपण तिला चानकी म्हणतो. तुझी अव्वा काय म्हणायची? अव्वा, तुझा हात दिसला, मनगटापर्यंत पीठ दिसलं, तोंडाची हालचालसुद्धा दिसली. शब्द काही आला नाही. पोरगी यंत्रावर बोटं टेकवून माझ्याकडं बघत होती. आठवत नाही असं मला म्हणवेना. मी कानडीगत वाटेल असा एक शब्द ठोकून दिला. तिनं खुशीत यादीत घातला. आता सगळ्यांना तोच मिळणार.

हे सांगितलं आणि नातीचा हात थांबला. पत्र तुला पोचायचं नाही, हे मला कळतं. पण जिला कळायला नको होतं, तिच्याच हातून मी हे लिहवून घेतलं.

"आज्जी, काढून टाकू का तो शब्द?" ती विचारतेय.

मी अजून व्हय म्हटलेलं नाही.