कपाळ जमिनीला टेकलं तेव्हा

येरवडा, पुणे
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मैत्री,

सप्रेम जयभीम. फोनवर सगळं बोलूनही तू पत्र लिहितेस, म्हणून मीही शाळेतल्यासारखी शाईचं पेन घेऊन बसले आहे. बुद्धभूषण आणि सूनबाई मजेत. तुझी नागपूरची संत्री पोचली. निम्मी शेजारच्या इंदुबाईंनी नेली, "चव बघते" म्हणून.

माझ्या पाठीचं विचारलंस. अगं, मी जमिनीवर मांडी घालून लिहिते आहे! विहारात कितीतरी वर्षं मी मागे खुर्चीवर बसायचे, तुला माहीत आहे. दवाखान्यात एका नव्या गोळीची चाचणी चालू आहे. ती पोटात दिवसभर हळूहळू विरघळते. औषध अफूच्या जातीचं. सही करताना मला पाचवं शील आठवलं, नशेपासून दूर राहण्याचं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. डॉक्टर पूर्वा हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नशेसाठी नाही, आजी. पण लक्ष ठेवावं लागतं, म्हणून तर दर भेटीला इतके प्रश्न."

पौर्णिमेला मी पंचांग प्रणाम केला, मैत्री. गुडघे, तळहात, कपाळ. फरशीचा गारवा कपाळाला लागला आणि आपल्या शाळेचं चॅपल आठवलं. गुडघ्यांवर बसवून सिस्टर "पाठ ताठ!" म्हणायच्या, ते. डाळीएवढी गोळी, आणि तिने मला पुन्हा शाळेतल्याएवढं लहान केलं. किती वेळ उठलेच नाही. मागून इंदुबाई म्हणाल्या, "सुटली एकदाची खुर्ची. आता आम्ही म्हातारं व्हायला मोकळ्या."

पुढे चाचणीचा दुसरा भाग होता. त्यात काहींना खरी गोळी मिळते, काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली. कुणाला कुठली, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. पुढे जायचं की नाही, ते मी पुढच्या भेटीत ठरवायचं होतं.

तू ह्यांच्या स्मृतिदिनाबद्दलही विचारलं आहेस, आणि मी मघापासून संत्र्यांचं लिहिते आहे.

कार्यक्रम नीट झाला. भन्तेजी आले, खीर चांगली झाली होती. मी ह्यांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. फोटो कुणा ओळखीच्या माणसाचा असावा, तसा वाटला. बुद्धभूषण रडला, मी त्याला पाणी दिलं. आत काही हललं नाही. कुठेच दुखत नव्हतं.

पुढच्या भेटीला डॉक्टरांना हे सांगितलं.

"आजी, आधी का नाही बोललात?"

"तुम्ही पाठीचं विचारत होता."

लिहिता लिहिता त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "औषधाने असं होऊ शकतं. थांबायचं असेल तर गोळी हळूहळू कमी करू. पण पाठ परत दुखेल."

मी थांबते म्हणाले.

गोळी आता उतरत आली आहे. आज सकाळी कमरेत पहिली कळ आली. कपाट आवरताना ह्यांचा मफलर हाताला लागला, त्याला अजून त्यांच्या तेलाचा वास आहे. मी तिथेच बसून पोटभर रडले. इतक्या दिवसांनी हे घरात आले, असं वाटलं. एवढीशी गोळी, मैत्री, आणि दुखण्याबरोबर तिने ह्यांनाही दाराबाहेर उभं केलं होतं.

हे लिहिता लिहिता कंबर धरली आहे. आधाराशिवाय आता उठवणार नाही. बुद्धभूषण आणि सूनबाई कामावरून येईपर्यंत इथेच बसते, ह्यांच्या फोटोसमोर.

पुन्हा दुखू लागलेली,
तुझी ताई